समोरचं दार

गावभाग, सांगली
शुक्रवार

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून परत आल्यापासून पत्र लिहीन लिहीन म्हणते आहे. फोनवर बोलायला गेलं की तू "हो आई, बघतो" म्हणतोस आणि विषय तिथंच संपतो. तब्येतीचं पुन्हा विचारायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. पाणी पितोस ना भरपूर? ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला असं नसतं, ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलंय.

बघ, विचारलंच शेवटी.

पाच दिवस. पाच दिवस तू तापात एकटा पडून होतास आणि प्लेटलेट ४२ हजारांवर आल्यावर स्वतःच रिक्षा करून दवाखान्यात गेलास. मी आले तेव्हा किल्ली तुझ्यापाशी दवाखान्यात, म्हणून बॅग ठेवायला समोरचं दार वाजवलं. त्या ताई भल्या आहेत. आत बसवलं, चहा टाकला, आणि म्हणाल्या, "इथं कुणी राहतं? आम्हाला वाटलं फ्लॅट बंदच आहे." तू तिथं अडीच वर्षं राहतोस, बाळू. मला तो चहा गिळवेना.

तू असा नव्हतास. २०१९ च्या ऑगस्टातला पूर आठव. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी. २००५ ला पाणी ५४ च्या आत थांबलं होतं, म्हणून आबा खुर्चीतून उठायला तयार नाहीत, "त्या खुणेच्या वर येत नाही" म्हणत राहिले. ते ५७ च्या वर गेलं. तूच आबांना पाठुंगळी घेऊन बोटीत बसवलंस. मग शाळेतल्या छावणीतले ते दिवस. कपड्यांचे ढीग येऊन पडत होते, फाटक्या जीन्स, लग्नातले कोट. आणि बायकांना हवे होते परकर, आतले कपडे, पॅड. कोणाला सांगायचं? तेव्हा तू दोनशे पानी वही घेतलीस आणि एकेका वर्गात जाऊन खाली मांडी घालून विचारत बसलास, काय हवंय. एकोणीस वर्षांचा होतास. बायका आधी लाजल्या, मग तुझ्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहायला लागल्या.

आणि जतकडून आलेला तो टेम्पो. आपण इथं बुडत होतो तेव्हाही त्यांच्याकडे पाऊस नव्हता, टँकर चालू होते. तरी घरटी भाकऱ्या गोळा करून पाठवल्या होत्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. आपण दोघं गाठोडी सोडत होतो. एकाच गाठोड्यात जाड, पातळ, कडेला करपलेली, हरेक घरचा हात वेगळा. तळाशी एक होती तळहाताएवढी, एका अंगाला फाटलेली, बोटांचे ठसे तसेच उमटलेले. कुणा पोरीनं आईशेजारी बसून थापलेली असणार. ती तू बाजूला ठेवलीस. संध्याकाळी बघते तर कोपऱ्यात बसून तूच खात होतास, नुसती, चटणीशिवाय.

नऊ दिवस मी तिथं डाळ-तांदळाची पाकिटं भरली. घर पाण्याखाली होतं, लग्नातला शालू, आबांची पुस्तकं, सगळं. पण नऊ दिवसांत मी रडले नाही, कारण हात रिकामे नव्हते. रडले ती पाणी उतरल्यावर, आपल्या उंबऱ्यात.

आणि मग ते झालं. मी ते कधी काढलं नाही, तूही काढलं नाहीस. घरात गुडघाभर गाळ, कपाटाची दारं फुगून बसलेली, आणि तू फावडं घेऊन तीन दिवस लोकांच्या घरात. चौथ्या दिवशी पायाला पत्रा कापून आलास. त्या गाळापायी लेप्टोचा ताप येतो म्हणून गल्लोगल्ली सांगत होते, गोळ्या वाटत होते. माझ्या पोटात गोळा आला आणि तोंडातून राग बाहेर पडला. गल्लीतल्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोणी सांगितलंय तुला?" तू एक शब्द बोलला नाहीस. फावडं धुतलंस, भिंतीला उभं केलंस. त्यानंतर कॉलेजात एनएसएसच्या २४० तासांतले जेवढे उरले होते तेवढे भरलेस आणि थांबलास.

ज्या बाईनं स्वतः नऊ दिवस लोकांनी भाजलेली भाकरी खाल्ली, तिनं हे बोलावं? चुकलं माझं. सहा वर्षं उशिरा सांगते आहे.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तुझी ती वही माझ्यापाशीच आहे. पुराच्या पुढच्या उन्हाळ्यात मी आणि वरच्या आळीतल्या काकूंनी तिची मागची पानं भरली. कुणाचं इन्शुलिन थंड ठेवावं लागतं, कुणाला जिना उतरवत नाही, कुणाच्या घरी बाळंतीण आहे. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हा तू पुण्यातून तासातासाला फोन करत होतास आणि मी उचलत नव्हते. मी वही घेऊन फिरत होते. पाणी गल्लीत शिरायच्या आधी आम्ही अकरा माणसं हलवली. पहिलं पान तुझ्या अक्षरातलं आहे.

आबा गेले त्या रात्री तू पोचेपर्यंत पहाट झाली. मला कुणाचं दार वाजवायला जावंच लागलं नाही. इन्शुलिनवाल्या काकांनी अँब्युलन्स बोलावली, काकू रात्रभर माझा हात धरून बसल्या. त्यांची कामं केली म्हणून ती आली असं मी म्हणत नाही, तसा हिशेब कुणी ठेवत नाही. पण मला त्यांची नावं माहीत होती आणि त्यांना माझं घर. तुला रात्री दोन वाजता काही झालं तर तू कुणाचं दार वाजवशील? त्या पाच दिवसांत कुणाचं वाजवलंस?

तुझ्या पार्किंगमध्ये मी डोळ्यांनी बघितलं, टाकलेल्या टायरमध्ये पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. हा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडं घासून कोरडं केलं की साखळी तुटते. आपल्या गल्लीत दर शनिवारी कोरडा दिवस पाळतात, हौदात गप्पी मासे सोडलेत. तुझ्या इमारतीत कुणी करत नसेल तर तू कर. अर्धा तास लागतो. कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं भंगार. शाळकरी पोरं बरोबर घे, त्यांना अळ्या शोधायला आवडतं. आणि प्रत्येक दार वाजवायला तुला कारण मिळेल. आधी फोटो काढू नकोस, ग्रुपवर सूचना टाकू नकोस, जाऊन विचार. पुढं टेकडीवर रोपांना पाणी घालायला जाणारी माणसं असतात, त्यांच्यात जा. विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करतात, तिथं जा. रक्तदान मात्र सध्या नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

पुन्हा शिकवायला लागले. तुला नोकरी आहे, रात्रीची कामं असतात, दमतोस, मला कळतं. गळून गेला आहेस, तर महिनाभर काहीच करू नकोस. नुसतं खा, झोप. पण महिन्यानंतर कर. आणि पायात बूट घालून कर.

आत्या म्हणते, मुलाचं लग्न करून दे म्हणजे काळजी मिटेल. मी तिला काही बोलले नाही.

पार्सल उद्या सकाळच्या गाडीनं स्वारगेटला येईल. ज्वारीचं पीठ, मेतकूट, शेंगाची चटणी. चटणीच्या दोन पुड्या जास्त बांधल्यात, एक समोरच्या ताईंना, एक वॉचमनदादांना. दोघांची नावं विचारून मला कळव. ताईंचा फोन नंबरही घे, मी वहीत लिहून ठेवते.

तुझी
आई