एकटी म्हणजे एकाकी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या पक्षी-छायाचित्रकार एमा टर्नर यांच्यावरचा लेख वाचला. असा विषय मराठी वर्तमानपत्रात आला, त्याबद्दल आधी आभार मानते. पण मथळा कालपासून डोक्यातून जात नाही. ‘इंग्लंडमधली सर्वांत एकाकी स्त्री’!

हे बिरुद तुमचं नाही, ठाऊक आहे मला. १९२४ साली टर्नरबाई नॉरफोकच्या स्कोल्ट हेड बेटावर पक्ष्यांच्या राखणीला जाऊन राहिल्या, तेव्हा तिथल्याच वृत्तपत्रांनी ते त्यांना चिकटवलं. पण शंभर वर्षांनी तुम्हीही तेच उचलून मोठ्या टायपात छापावं? वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी झोपडीत राहून, वाळूवर उघड्यावर असलेली सुरय पक्ष्यांची घरटी सांभाळायची, हे काम त्यांनी स्वखुशीनं पत्करलं होतं. त्याआधी वीसेक वर्षं नॉरफोकमधल्याच हिकलिंगच्या पाणथळीत ‘वॉटर रेल’ नावाच्या हाउसबोटीवर त्यांचा मुक्काम असे. काचेच्या प्लेटांचा तो जड कॅमेरा घेऊन बोरूच्या बनात तासन् तास बसणारी बाई कुणाची तरी वाट बघत झुरत होती, असं तुमच्या लेखकाला का वाटावं?

मला हे इतकं का लागलं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला निघाले होते. वाटेतल्या एका लॉजवर खोली मागितली. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, “बरोबर कोण आहे?” म्हटलं, कुणी नाही. त्यानं वही मिटली. “मॅडम, एकट्या लेडीजला देत नाही आम्ही.” गळ्यात दुर्बीण, हातात आधार कार्ड, वय चोपन्न. रात्र एसटी स्टँडच्या बाकावर काढली. थंडीनं दात वाजत होते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारत होता, “एकट्याच का?”

सकाळी धरणाच्या पाण्याशी पोचले. हाताच्या अंतरावर म्हणावी इतक्या जवळ एक जांभळी पाणकोंबडी पाणवनस्पतीचा देठ एका पायाच्या मुठीत धरून, आपण ऊस खातो तसा चोचीनं सोलून खात होती. अर्धा तास मी श्वाससुद्धा जपून घेतला. त्या अर्ध्या तासात मी एकटी होते, एकाकी मुळीच नव्हते. एकाकी वाटलं होतं ते रात्री, माणसांत.

टर्नरबाईंचं खरं मोठेपण तुमच्या लेखात दोन ओळींत उरकलंय. १८८६ नंतर ब्रिटनमध्ये बिटर्नची, म्हणजे बोरूच्या बनात लपून राहणाऱ्या बगळ्याच्या जातीतल्या पक्ष्याची, वीण झाल्याचा पुरावा नव्हता. १९११ साली जिम व्हिन्सेंट या राखणदाराबरोबर त्यांनी हिकलिंगला त्याचं पिल्लू शोधून काढलं आणि त्याचं छायाचित्र घेतलं. नाहीसा झालेला पक्षी परत आला, हे त्या एका छायाचित्रानं सिद्ध झालं. लिनियन सोसायटी या लंडनच्या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेनं स्त्रियांना दारं उघडली, तेव्हा आत गेलेल्या पहिल्या काही जणींत त्या होत्या. हे सोडून अर्धा रकाना त्यांच्या ‘एकटेपणाच्या वेदने’वर खर्च झालाय. आणि १९०० साली ज्यांच्या भेटीनंतर त्या छायाचित्रणाकडे वळल्या, ते निसर्ग-छायाचित्रकार रिचर्ड कीर्टन लेखात ‘ते’ आहेत, टर्नरबाई मात्र शेवटपर्यंत ‘ती’!

आणखी एक. लेखासोबत बिटर्न म्हणून जो फोटो छापलाय, ती आपली ढोकरी आहे. आमच्या गावच्या तळ्यावर रोज बसते, शाळकरी पोरंही ओळखतील. त्या खाली श्रेय काय, तर ‘छायाचित्र : इंटरनेट’. इंटरनेट चिखलात उभं राहून फोटो काढत नाही, कुणीतरी माणूस काढतो. छायाचित्रकार बाईवरच्या लेखात तरी त्याचं नाव शोधायला हवं होतं.

येत्या रविवारी फोटोची चूक दुरुस्त करावी, आणि जमलं तर टर्नरबाईंच्या १९११च्या त्या पिल्लाचं छायाचित्र त्यांच्या नावासह छापावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सिन्नर