सेडम उन्हानं नाही, पावसानं मरतं

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत बागेबद्दल जे येतं ते मी नेमानं वाचते, पण सेडम या जाड, रसदार पानांच्या शोभेच्या झाडाबद्दल 'अंगणात उघड्यावर ठेवा, काळजी लागत नाही' असं वाचून राहवलं नाही. कोरड्या गावाला ते चालेल हो, आपल्या बेळगावात मृग लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका, आणि हे झाड पानात पाणी साठवणारं, आपल्या पानफुटीच्याच कुळातलं, पानांवरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडणारं, त्याला पाणी कमी पडलं तर चालतं पण मुळाशी साचलेलं अजिबात सोसत नाही.

त्यात काही नर्सरीवाले नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुश्यात, लावून देतात. घेताना झाड गुबगुबीत दिसतं बघा, पण आषाढात ते कोकोपीट वाळतच नाही. पान पिवळट होऊन काचेसारखं आरपार दिसाय लागलं, नुसतं बोट लागलं तरी गळालं, की पाणी जास्त झालं समजायचं. सुरकुतलं तर तहानलंय. लोक नेमकं उलटं करतात, पानं गळताना बघून अजून एक तांब्या ओततात!

आमच्याकडं आम्ही अर्धी तांबडी माती आणि अर्धी जाड वाळू नि फुटक्या कौलांचा चुरा असं घालतो (जुनी घरं पाडून स्लॅब टाकायचं चाललंयच सगळीकडं, कौलं फुकट मिळतात), कुंडी मातीची, खाली भोक मोठं. जूनपासून कुंडी पागोळीखाली ठेवायची नाही, पडवीत सकाळचं ऊन लागेल अशी ठेवायची, अगदी सावलीत ठेवली तर कांड्या लांबट होऊन लोंबतात. आणि बुडाशी काळं पडलं म्हणून सगळं झाड फेकू नका, वरचा हिरवा शेंडा कापा, दोन-तीन दिवस सावलीत तसाच पडू द्या, कापलेली जागा सुकली की कोरड्या मातीत खोचा, आठवडाभर पाणी देऊ नका, मुळं फुटतात. गळालेल्या चांगल्या पानालासुद्धा फुटतात, फक्त वेळ लागतो.

तर पुरवणीत पुढच्या वेळी आपल्याकडच्या पावसाचा हिशोब धरून लिहायला सांगा, आणि ते मे महिन्याच्या आत छापा, कारण लोक उन्हाळ्यात झाडं घेतात आणि जुलैत कुंड्या रिकाम्या करतात.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव