पॉलिसीचं तेवढं बघ

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. बंगळूरला जागा मिळाली, कामंही यायला लागली, हे आईकडून कळलं. लेकीने स्वतःचा स्टुडिओ काढला, हे कोथरूडच्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगून झालं. पैशांबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण आरोग्य विम्याच्या पॉलिसीचं काय केलंस? कंपनीची होती ती नोकरीबरोबर गेली.

नानाच्या न्यूमोनियात मी दवाखान्यातच होतो. विमा नाही म्हटल्यावर आधी डिपॉझिट, मग बेड. नंतर सिस्टर सारख्या चिठ्ठ्या द्यायच्या, "खालून घेऊन या". सलाईन, सुया, हातमोजे, अँटिबायोटिक. काकूची कापडी पिशवी बिलांनी फुगली होती. जनरलमधून सेमी-प्रायव्हेटला हलवलं तर भाडं वाढलंच, वर डॉक्टरांच्या व्हिजिटचा आणि तपासण्यांचा दरही चढला. विमा कंपन्या दर आधी ठरवून घेतात, एकट्यादुकट्याला तो दर कोण देतंय? महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, ५ लाखांपर्यंत. पण रुग्णालय यादीत हवं, नानाचं नव्हतं. रात्री धाप लागल्यावर यादी कोण बघत बसतं?

घरी आल्यावरही खर्च थांबला नाही. गोळ्या, एक्स-रे, फेऱ्या. ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतोच, तेवढे पैसे बाजूला ठेव. गोळ्या जनऔषधीत मिळतात का बघ, तेच औषध तिथे बरंच स्वस्त असतं.

लेक्चर झालं ना? रागावू नकोस. तू दुसरीत असताना तुला दम लागायचा. स्कूटरवर पुढे तू, मागे आई, कर्वे रोडच्या डॉक्टरांकडे. वाफेचा मास्क लावला की तू माझं बोट धरून बसायचीस. आईच्या ओठांवर रामरक्षा चालू असायची. तीच तू आज परक्या गावात एकटीने धंदा उभा करतेस! काल आईला म्हटलं, पोरगी खरंच धीराची.

मला सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड मिळालंय, आईचं पेन्शनवाल्यांच्या योजनेत आहे. घरात विम्याविना तू एकटीच. नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराचा खर्च मिळायला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून घाई करतोय. एचआरला विचार, त्याच विमा कंपनीत स्वतःच्या नावाची पॉलिसी करून मिळते का, जुनी वर्षं धरून.

आणि फॉर्मवर दमा लिही. लपवलास तर ऐन वेळी क्लेम नाकारतील. इनहेलर संपत आला असेल तर इथून पाठवतो.

तुझे,
बाबा