मूकपटांचा वारसा सांगणारे विक्षिप्त चित्रपट

महोदय,

मूकपटांच्या शैलीत आज चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकांची ‘लहरी’, ‘हौशी’, ‘जुन्याची टवाळी करणारे’ अशा शेलक्या शब्दांत बोळवण केली जाते. हे चित्रपट विक्षिप्त असतात, हे मान्यच. परंतु त्या विक्षिप्तपणामागील विचाराचीही दखल घेतली जावी, यासाठी हे पत्र.

बोलपट आले ते मूकपट थकले म्हणून नव्हे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मूकपटाची दृश्यभाषा ऐन भरात होती, कॅमेरा मोकळेपणाने फिरू लागला होता आणि नेमका तेव्हाच, त्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून, त्याला आवाजबंद खोक्यात कोंडावे लागले. कॅमेऱ्याची पुढे सुटका झाली. पण एकरंगी छटा दिलेल्या फिती, वर्तुळात मिटत जाणारे दृश्य, पाट्यांवरचे संवाद, ठसठशीत आंगिक अभिनय ही साधने अडगळीतच पडली. कॅनडातील विनिपेगचे दिग्दर्शक गाय मॅडिन ती बाहेर काढतात, ती स्मरणरंजनापोटी नव्हे, तर त्यांची धार अजून शाबूत आहे म्हणून.

त्यांचा ‘केअरफुल’ (१९९२) पाहावा. जुन्या जर्मन पर्वतपटांच्या धर्तीवरील या चित्रपटातल्या डोंगरी गावात, हिमकडा कोसळेल या धास्तीने, सगळे दबक्या आवाजात बोलतात. जनावरांनी ओरडू नये म्हणून त्यांचे स्वरतंतूही छाटलेले असतात! रंग उघडउघड खोटे, डोंगर उघडउघड स्टुडिओतले. तरीही दडपलेल्या वासनांची जी घुसमट येथे जाणवते, ती खऱ्याखुऱ्या बर्फात चित्रण करून साधली असती, असे मला वाटत नाही. कारण प्रेक्षकाने ते खोटे जग एकदा पत्करले की पात्रांच्या आत्यंतिक भावनाही त्याच जगाच्या मापाच्या वाटू लागतात. ‘द हार्ट ऑफ द वर्ल्ड’मध्ये (२०००) सोव्हिएत मूकपटांच्या संकलनाचा वेग त्यांनी इतका ताणला आहे की, अख्ख्या मेलोड्रामाचा ऐवज सुमारे सहा मिनिटांत मावतो.

सगळेच साधते असे नाही. हरवलेल्या चित्रपटांवरून स्फुरलेला, कथेत कथा गुंफत जाणारा ‘द फॉरबिडन रूम’ (२०१५) मला तरी दमवतो. त्यामागची तळमळ मात्र समजण्यासारखी आहे. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तेथील पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के नष्ट झाले आहेत. जे आता पाहताच येत नाही, ते कल्पनेने पुन्हा उभे करणे, याला टवाळी कसे म्हणावे?

मॅडिन यांच्या ‘ब्रँड अपॉन द ब्रेन!’चे (२००६) काही खेळ प्रत्यक्ष वाद्यवृंद, निवेदक आणि रंगमंचावरच पार्श्वध्वनी निर्माण करणारे कलाकार यांच्या साथीने झाले होते. फिल्म सोसायट्यांनी असे चित्रपट शक्यतो मोठ्या पडद्यावर, जमल्यास जिवंत संगीतासह दाखवावेत आणि आपल्या चित्रपट पुरवणीनेही त्यांना अधूनमधून जागा द्यावी, ही विनंती.

— एक चित्रपटरसिक