बंडूच्या उपासाबद्दल मंजूला

लीड्स
९ नोव्हेंबर

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं, फोटोही नीट पाहिले. शेजारच्या आजी वृद्धाश्रमात जाताना तुझ्या पदरात कासव टाकून जातात, हे फक्त तुझ्याच बाबतीत घडू शकतं. साताऱ्याला गल्लीतल्या सगळ्या मांजरी तुमच्याच माळ्यावर व्यायच्या, ते काही उगाच नाही.

बंडू आठवडाभर तोंड उघडत नाही म्हणून तू काकडी, टोमॅटो, केळं, शेवटी दुधात कुस्करलेली पोळी असा नैवेद्य दाखवत सुटली आहेस. तो आजच बंद कर. कासव खात नसेल तर आधी ताटाकडे नाही, दिव्याकडे बघायचं. या पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस.

फोटोत त्याच्या पुढच्या पायांना चारच नख्या दिसतात. म्हणजे तो माझ्या कासवासारखाच, आमच्या तात्यासारखाच, हॉर्सफील्ड जातीचा. हे मूळचे कझाकस्तान, उझबेकिस्तानकडच्या माळरानावरचे. तिथे वसंतातले जेमतेम काही महिने हिरवं मिळतं. तेवढ्यात चरून घ्यायचं आणि उन्हाळ्याची काहिली आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही बिळात झोपून काढायची, असा त्यांचा संसार. तुझ्या हॉलमध्ये आता एकोणीस-वीस अंश असेल आणि दिवस चारलाच मावळतोय. त्याला धड जागंही राहता येत नाही आणि धड झोपही लागत नाही. अंगातली शिल्लक जळत राहते, पण पोटात घातलेलं पचवायला ऊब नाही. अशा वेळी तू जबरदस्तीने काही भरवलंस तर ते आतड्यात कुजेल.

म्हणून आधी त्याच्या पेटीच्या एका टोकाला उष्णतेचा दिवा लाव. त्याच्याखाली दगडावर ३२ ते ३५ अंश भरले पाहिजेत, दुसरं टोक वीस-बावीसवर राहू दे. थर्मामीटर ठेवून मोज, हाताने अंदाज नको. रात्री दिवे बंद. त्याला जमिनीवर मोकळं सोडतेस ते मला अजिबात आवडलं नाही. फरशीलगत गारठा असतो, आणि केस, रबरबँड, चिऊच्या खेळण्यांचे तुकडे असं काहीही तो गिळेल. रुंद, उघडी लाकडी पेटी बघ आणि त्यात माती आणि वाळू मिसळून जाड थर दे, त्याला उकरायला लागतं. काचेची टाकी नको, काच त्याला कळत नाही आणि तो दिवसभर तिला धडका देत बसतो.

दुसरा दिवा अतिनील किरणांचा, म्हणजे यूव्हीबीची नळी. तू लिहितेस की आजी त्याला खिडकीतल्या उन्हात ठेवायच्या. बिचाऱ्या प्रेमानेच ठेवायच्या, पण काच यूव्हीबी अडवते, त्यामुळे त्या उन्हाची नुसती ऊब मिळते. यूव्हीबी नाही तर डी ३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग पाठ मऊ पडते, जबडा वाकतो, पाय लटपटतात. आजींनी दिलेली नळी पेटते म्हणून ठेवू नकोस. उजेड तसाच दिसतो, पण किरण हळूहळू कमी होत जातात. साधारण वर्षाला ती बदलावीच लागते. नवी आणून तारीख टेपवर लिहून चिकटव.

आता खाणं. आपल्या घरात पाहुण्याला उपाशी ठेवणं पाप, पण या पाहुण्याचं भलं रानटी, चोथट, बेचव पाल्यातच आहे. डँडेलायनची पानं आणि फुलं पहिल्या नंबरची. मग प्लॅन्टेन, ते इसबगोलाच्या कुळातलं रुंद पानांचं तण, तुझ्या फुटपाथच्या कडेला ढिगाने असेल. जास्वंदीची पानं-फुलं तर तात्या टोपलीतून ओढून खातो. गणपतीच्या वाट्याची फुलं लपवून ठेवावी लागतात! तण खुडताना तिथे फवारणी झालेली नाही आणि कुत्री मुतत नाहीत एवढं बघ. हिवाळ्यात बाजारातली चिकोरी, वॉटरक्रेस, थोडं रॉकेट असा सॅलडचा पाला चालवून घे. कोथिंबीर अधूनमधून. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. कोबी-फ्लॉवरचा पाला रोज नको. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे निव्वळ पाणी. फळं पूर्ण बंद, कारण त्यातली साखर आतड्यात आंबते आणि जुलाब सुरू होतात. डाळी, मटार, पोळी, भात, दूध यातलं काहीही नाही. प्रथिनं जास्त झाली तर अंग भराभर वाढतं आणि ती वाढ त्याला झेपत नाही.

पाल्यावर रोज चिमूटभर कॅल्शियमची पूड भुरभुर. शिवाय पेटीत समुद्रफेणाचा एक तुकडा टाकून ठेव. तुझ्या सासूबाईंना विचार, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तोच. इथे तो पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात असतो. त्याला हवं तेव्हा तो कुरतडेल, चोचही झिजेल. चोच वाढू नये म्हणून ताटलीऐवजी सपाट पाटीच्या दगडावर वाढायचं.

आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात बसव, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच, पंधरा-वीस मिनिटं. तिथेच तो पाणी पिईल आणि तिथेच सगळे विधी उरकेल. पांढरं काही बाहेर पडलं तर घाबरू नकोस, ते युरेट, म्हणजे लघवीतून पडणारे क्षार. टूथपेस्टसारखं मऊ असेल तर उत्तम. वाळूसारखं खरखरीत लागलं तर पाणी कमी पडतंय, आणि तसंच चालू राहिलं तर मूतखडा होतो. हा टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा नाही.

एका आठवड्याच्या उपासाने मोठ्या कासवाला काही होत नाही. १९६८च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत झोंड ५ यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून आली. अपोलोच्या माणसांच्याही आधी! यान हिंदी महासागरात उतरलं, ते मुंबई बंदरात आणलं आणि तिथून विमानाने मॉस्कोला गेलं. कासवांचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं होतं, भूक मात्र शाबूत होती. तेव्हा स्वयंपाकघरातला काटा काढ, दर सोमवारी बंडूचं वजन वहीत लिही. दहावा हिस्सा घटला तर थांबायचं नाही, व्हेट गाठायचा.

व्हेट सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणाराच हवा. माझ्या ओळखीतल्या एकीला तिच्या नेहमीच्या कुत्र्या-मांजराच्या दवाखान्यात 'थंडी आहे, झोपेल' एवढंच सांगून परत पाठवलं होतं, आणि त्या कासवाला न्यूमोनिया निघाला. नाकातून पाणी, बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेले डोळे यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. कासवाला आपल्यासारखं छातीखालचा पडदा हलवून खोकता येत नाही, आत साठलेलं आतच राहतं. जाताना ताजी शी डबीत घेऊन जा, जंत तपासता येतील. आणि जंतांसाठी कोणी आयव्हरमेक्टिन काढलं तर हात धर. गुरांना चालणारं ते औषध कासवाचा जीव घेतं. आणखी एक, बंडू हा बंडूच आहे ना, याची खात्री करून घे. शेपूट आखूड असेल तर ती बंडी असेल. मादी एकटी असली तरी अंडी धरते, आणि ती अंडी आत अडली की खाणं सोडून सारखी उकरत बसते. व्हेट एक्स-रे काढून सांगेल.

यंदा त्याला शीतनिद्रेला पाठवायचा विचारही करू नकोस. आजारी किंवा रोडावलेलं कासव झोपवलं तर ते उठेलच असं नाही.

तुझा भाचा पुण्यात तारा कासव विकत घ्यायचं म्हणतोय, त्याला ठणकावून नाही म्हण. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. ज्याने विकलं त्याने ते कुठल्या तरी माळावरून पोत्यात भरून आणलेलं असतं.

दिवा लावल्यावर तीन-चार दिवसांत काय फरक पडतो ते कळव, आणि पाठीचा वरून काढलेला एक फोटो पाठव, कडा मला नीट दिसल्या नाहीत. माझ्याकडे यूव्हीबीची एक कोरी नळी पडून आहे, तुझ्या पेटीची लांबी सांगितलीस तर उद्याच पोस्टाने टाकते. शिरीषला नमस्कार. चिऊला सांग, बंडूला हात लावला की साबणाने हात धुवायचे, त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात आणि तिची बोटं कायम तोंडात.

तुझी,
नीता