पाकिटाची मागची बाजू मराठीत छापा : केंद्रीय आरोग्य राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण राज्यमंत्री,
नवी दिल्ली.

विषय : महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद खाद्यपदार्थांवरील माहिती मराठीतही छापणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

खाद्यपदार्थांच्या लेबलबाबतची २०२० ची नियमावली सांगते की पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी. दुसरी भाषा जोडायची असेल तर मनाई नाही, पण सक्तीही नाही. आणि सक्ती नाही म्हणून मोठ्या कंपन्या सहसा जोडत नाहीत. ही नियमावली करणारे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. आपण बुलढाण्याचे खासदार आहात, मेहकर-लोणारच्या किराणा दुकानांत कोणता माल असतो आणि तो कोण नेतो हे आपल्याला सांगायला नको. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

मी आपल्याच भागात बचत गटांतल्या बायकांबरोबर आहार आणि घरखर्च या विषयावर काम करते. महिन्याचा किराणा कसा भरायचा, कशावर पैसा घालायचा, काय घरीच करून ठेवायचे, असे आमचे बोलणे चालते. त्यात एक गोष्ट वारंवार दिसते. या बायकांना अन्नातले कळत नाही असे मुळीच नाही. तुरीची डाळ घेताना त्या दाणा दाताखाली धरून बघतात, ज्वारी ओंजळीत घेऊन फुंकर मारतात, फल्लीदाणा खवट झाला आहे की नाही ते वासावर सांगतात. मिरचीचा रंग खरा की वरून दिलेला, हे त्यांना बोटावर चोळून कळते. कोठीत धान्य भरताना कडुनिंबाचा पाला किती घालायचा, डाळीला एरंडेलाचा हात कधी लावायचा, तिखटाच्या बरणीत हिंगाचा खडा का ठेवायचा, हे सगळे पाठ आहे. उन्हाळा लागला की शेवया, कुरडया, खारोड्या, सांडगे, पापड यांनी पावसाळ्यापुरती तजवीज होते. अशा घरातली बाई अडाणी नाही. ती स्वतःच मालाची तपासनीस आहे.

पण तिची ही सगळी परीक्षा सुट्या मालाची आहे. पाकीट आले की दात, नाक आणि बोटे कामाची राहत नाहीत. तिथे आत काय आहे हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मागच्या बाजूचा मजकूर. तोच तिला वाचता येत नाही. आता गावातल्या घरातही पाकिटे पोचली आहेत : बिस्किटे, टोस्ट, नूडल्स, चिप्स, लहान मुलांची दुधात घालायची पावडर, तयार मसाले, सॉस, रसाचे डबे. पोरांच्या हातात पाच-दहा रुपये दिले की तेच येते.

एक पुडा उदाहरणादाखल घेते. पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या, ओट्सचे दाणे, मोठ्या अक्षरांत 'मल्टिग्रेन'. मागे वळवला की घटकांची यादी सुरू होते आणि पहिलाच शब्द 'रिफाइंड व्हीट फ्लोअर'. म्हणजे मैदा. त्यानंतर साखर, मग पाम तेल, मग कुठेतरी खाली ओट्स आणि त्यापुढे टक्केवारी : तीन, चार. नियम चांगला आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, जास्त ते आधी. ज्या घटकाचे चित्र किंवा नाव मिरवले असेल, त्याचे प्रमाणही टक्क्यांत द्यायचे. हे दोन नियम ज्याला माहीत आहेत आणि ज्याला तो मजकूर वाचता येतो, त्याला अर्ध्या मिनिटात कळते की हे मैद्याचे गोड बिस्किट आहे. आमच्या गटातल्या बायकांना मी हे मराठीत सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग मैदा असं का नाही लिहिलं?" काही कंपन्या कंसात तसे लिहितात. ते इंग्रजी अक्षरांतच.

साखरेचे तर आणखी कठीण. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन : पहिली चार साखरेचीच भावंडे, पाचवे स्टार्चपासून केलेले आणि रक्तातली साखर तितक्याच झपाट्याने वाढवणारे. वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचे वजन कमी भरते आणि ती यादीत खाली सरकतात. इंग्रजी येणारा माणूसही इथे फसतो. म्हणून मी बायकांना यादी सोडून थेट पोषणमूल्यांच्या तक्त्याकडे जायला सांगते. तिथे एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन आकडे १०० ग्रॅममागे द्यावे लागतात. हा आकडा लपत नाही. पण तोही आधी शोधावा लागतो, आणि 'अॅडेड शुगर्स' ही अक्षरे ओळखावी लागतात.

शेजारच्या रकान्यात दिवसाच्या गरजेचे टक्के असतात. ते मोठ्या माणसाच्या २००० किलोकॅलरींवर बेतलेले : वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट म्हणजे संपृक्त चरबी २२ ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम. आणि टक्के दिलेले असतात एका 'सर्व्हिंग'चे, म्हणजे एका वेळी खायच्या वाट्याचे, आणि तो किती असावा हे कंपनी ठरवते. समजा बिस्किटात १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम साखर आहे आणि सर्व्हिंग ३० ग्रॅमची धरली आहे. तक्ता सांगेल १५ टक्के. पोरगं मात्र ७५ ग्रॅमचा अख्खा पुडा संपवते, म्हणजे जवळपास चार चमचे साखर, आणि तेही सहा वर्षांचे पोरगं, ज्याच्यासाठी हे टक्के काढलेलेच नाहीत. मिठाचेही असेच. तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये असते. घरात कोणी सोडियम मोजत नाही, मीठ मोजते. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, लहान चमच्याने एक सपाट चमचा, दिवसभराचे सगळे मिळून. एवढे एक वाक्य मराठीत सांगितले तर ज्या घरात रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिथली बाई नूडल्सच्या मसाल्याची पुडी अर्धीच टाकू लागते. हे मी बघितलेले आहे.

तेलाच्या पिशवीबद्दल वेगळे सांगावेसे वाटते, कारण महिन्याच्या किराण्यात सगळ्यात जड खर्च तोच. मिश्र तेल विकायला परवानगी आहे. त्यात कोणतेही एक तेल २० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही आणि कोणते तेल किती, हे पिशवीवर लिहावे लागते. पण पुढे करडईचे किंवा सूर्यफुलाचे फूल छापलेले असते, आणि मिश्रणाचे प्रमाण असते इंग्रजीत. आपल्याकडे लाकडी घाण्याचे करडईचे तेल दुप्पट भावाने घेणारी माणसे आहेत. त्यांना हे फूल बघून काय वाटत असेल, याचा विचार व्हावा.

तारखेचेही तसेच. वापरायची शेवटची तारीख बहुतेक वेळा पाकिटाच्या घडीवर, चिकटवलेल्या कडेवर, गडद रंगावर काळ्या ठिपक्यांत उमटवलेली असते. जवळच्या आठवडी बाजारात जुना माल स्वस्तात विकायला येतो, तेव्हा ती कोण वाचणार?

महोदय, या नियमाचा दुसरा फटका आमच्या गटांनाच बसतो. गटातल्या बायका मुगाचे पापड, तिखट, जवसाची चटणी, ज्वारीच्या शेवया विकतात. बनवणारी मराठी, विकणारी मराठी, घेणारी मराठी. पण लेबल केवळ मराठीत असेल तर ते नियमात बसत नाही. इंग्रजी किंवा हिंदी हवीच. मग तालुक्याच्या छपाईवाल्याकडे जायचे, तो कुठल्यातरी पुड्यावरचा साचा समोर ठेवून इंग्रजीत जुळवून देतो. जिने पापड लाटले, तिला स्वतःच्या पाकिटावर काय छापले आहे ते तपासता येत नाही. पापडखार घातला की नाही, शेंगदाण्याच्या भांड्यातच जवस कुटले का, ज्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्याला काय सांगायचे, हे सगळे तिला उत्तम माहीत आहे. ते ती स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या जबाबदारीवर लिहू शकते. केवळ मराठीतले लेबल कायदेशीर धरले जावे, एवढे तरी छोट्या उत्पादकांसाठी ताबडतोब करता येईल. त्याला कोणत्याही यंत्राची, कोणत्याही खर्चाची गरज नाही.

मोठ्या कंपन्या म्हणतील, इतक्या भाषा एका पाकिटावर बसणार कुठे. सगळ्या भाषा एका पाकिटावर मागतच नाही. जिथे माल विकायचा, तिथली भाषा मागते आहे. युरोपीय संघात हाच नियम आहे : माल ज्या देशात विकला जातो, तिथल्या ग्राहकाला सहज समजेल अशा भाषेत माहिती हवी. आखाती देशांत अरबी सक्तीची आहे. आपल्याच इथला माल तिकडे जातो तेव्हा त्यावर अरबी मजकूर छापला जातो किंवा चिकटवला जातो. दुबईच्या गिऱ्हाइकासाठी जे जमते, ते देऊळगाव राजाच्या गिऱ्हाइकासाठी जमले पाहिजे. जाहिरात तर आजही मराठीतच होते, टीव्हीवर आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर. क्यूआर कोड हा पर्याय सुचवला जातो. तो दृष्टिहीनांसाठी उपयोगाचा आहे, जरूर असावा. पण दुकानाच्या गर्दीत, हातात पिशवी, कडेवर मूल, अशा वेळी फोन काढून कोण बघेल? ज्याच्याकडे फोनच नाही, त्याचे काय?

महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत असणे कायद्याने सक्तीचे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. त्याच केंद्राच्या नियमावलीत, पाटीखालच्या दुकानातल्या मालाची माहिती मराठीत मिळण्याचा हक्क अजून नाही.

पाकिटाच्या पुढच्या बाजूबद्दलही बोलले पाहिजे, कारण ज्यांना कुठलीच लिपी वाचता येत नाही त्यांचे काम मराठीनेही होणार नाही. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर पुढेच काळा अष्टकोन छापायला लावला. मेक्सिकोने २०२० मध्ये तेच केले. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात ताऱ्यांची पद्धत सुचवली गेली, अर्ध्यापासून पाचपर्यंत, पदार्थ जितका बरा तितके तारे जास्त. मला ती पटत नाही. तारा म्हणजे चांगले, एवढेच लोकांना कळते. दोन तारे असलेल्या पुड्यालाही तारे आहेतच. शिवाय त्या हिशोबात थोडे काजू-बदाम किंवा फळ घातले की साखरेचे उणे गुण भरून निघतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले, नंतर मुदत वाढली. काळी खूण आणि तिच्यात 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असे मराठी शब्द : आपण यासाठी मंत्रालयात आग्रह धरावा.

आणि एक सूट काढून टाकावी. ज्या पाकिटाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटकांची यादी आणि पोषणमूल्ये नसली तरी चालतात, ती मोठ्या खोक्यावर असली की पुरे. ते खोके दुकानदाराकडे राहते. शाळेसमोरच्या टपरीवर मुले जे घेतात, ते गोळ्या-चॉकलेट आणि चटकदार पुड्या बहुतेक याच मापात बसतात. सगळ्यात लहान गिऱ्हाइकाला सगळ्यात कमी माहिती, हे चालू ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

प्राधिकरणाने मनात आणले तर होते, हे आम्ही पाहिले आहे. जून २०२४ मध्ये फळांच्या रसावरचा '१०० टक्के' हा दावा काढायला लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये साखरेच्या पाण्याला ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या औषधी पाण्याचे, नाव लावण्यास बंदी केली. जुलाब झालेल्या लेकराला भलतेच पाणी पाजले जाऊ नये, यासाठी तो निर्णय फार मोलाचा होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या १७ आहारसूचनांतली शेवटची सूचना लेबल वाचून खरेदी करा अशीच आहे. सूचना बरोबर आहे. ती पाळता येईल असे लेबल आपण द्यावे.

लेबलच्या नियमांत पुढचा बदल होईल तेव्हा त्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध होईल. तो मराठीतही प्रसिद्ध करावा, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि अंगणवाडीत लावावा, आणि मराठीत लिहून आलेल्या हरकती तेवढ्याच वजनाने नोंदवून घ्याव्यात. आमच्या गटांच्या हरकती सह्यांसह आपल्या बुलढाण्याच्या कार्यालयात आणून देण्याची आमची तयारी आहे. मसुदा कधी निघणार, एवढे कळवावे.

आपली विश्वासू,
बचत गटांची एक कार्यकर्ती,
बुलढाणा जिल्हा