वकिलाने गप्प बसायचं तेव्हा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

"उलटतपासणीची तयारी मी केली आणि सरांनी मला मध्यस्थीला बसवलं," असं तू काल फोनवर म्हणालीस. सूर शिक्षा झाल्यासारखा होता. मी फार बोललो नाही, कारण तुझ्या वयात मीही असाच फुरंगटलो होतो.

दोन भावांचा छापखाना होता. वाटणीचा दावा ९ वर्षं रेंगाळलेला, मी थोरल्याचा वकील. मध्यस्थीच्या खोलीत शिरलो तो कोर्टात उभा राहिल्यासारखाच. प्रश्न अशिलाला, उत्तर माझं. शेवटी मध्यस्थ बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, जरा त्यांना बोलू द्या." माझे कान तापले. मग धाकट्याला बाहेर बसवून त्यांनी थोरल्याला विचारलं, "यंत्रांची किंमत राहू द्या. मनाला लागलंय काय?" तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "बाबांना दवाखान्यात ठेवलं, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं."

हे वाक्य माझ्या फायलीत कुठेच नव्हतं. कैफियतीत नाही, प्रतिज्ञापत्रात नाही. असणार कसं? मी विचारलंच नव्हतं.

बाईंनी त्याची परवानगी घेतली आणि तेवढंच धाकट्याच्या कानावर घातलं. (परवानगीवाचून त्या खोलीतला शब्द पलीकडे जाता कामा नये, हे विसरू नकोस.) धाकटा म्हणाला, "आईच म्हणाली, तो प्रवासात आहे, घाबरवू नका." गळाभेट वगैरे काही झाली नाही. आकड्यांवर आणखी तीन बैठकी घासाघीस चालली. पण ती ते दोघं एकमेकांशी करत होते.

गांधीजींचं प्रिटोरियातलं, त्यांचे व्यापारी अशील दादा अब्दुल्ला यांचं प्रकरण तुला माहीत आहे. तिथे लवाद होता. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. हा फरक अशिलाला आधीच समजावून सांग. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला, ३७,००० पौंड आणि वर खर्च. एकरकमी भरायचे तर समोरच्या पक्षाचं, तय्यब शेठचं, दिवाळं निघालं असतं. गांधीजींनी आपल्याच जिंकलेल्या अशिलाला लांब मुदतीच्या हप्त्यांवर राजी केलं, आणि लवादाला तयार करण्यापेक्षा हे जड गेलं, असं लिहून ठेवलं. मला यातली खरी वकिली तिथे दिसते.

तडजोडीच्या कागदाला किंमत काय, हेही तू विचारलंस. ते त्या त्या देशाच्या कायद्यावर आहे. दोन देशांतल्या व्यापाऱ्यांच्या तडजोडींसाठी सिंगापूर करार १२ सप्टेंबर २०२० पासून लागू आहे, पण तो स्वीकारलेल्या देशांपुरताच. म्हणून मसुदा तू स्वतः कर. हप्ता कोणत्या तारखेला आणि चुकला तर पुढे काय, दोन्ही लिही. "परस्पर सामंजस्याने ठरवू" असं मोघम लिहिलंस, की नवा दावा तयार.

आणि एक पक्ष दुसऱ्याला भिऊन बसलेला दिसला, तर तडजोडीच्या मोहात पडू नकोस. सरळ कोर्टात जा.

फीचं म्हणशील तर त्या प्रकरणात माझी थोडी बुडाली. दोन वर्षांनी धाकटा मृत्युपत्र करायला माझ्याकडेच आला.

सोमवारी उलटतपासणीचे कागदही बरोबर ने. नाही जमलं, तर लागतीलच.

तुझा,
बाबा